हवामान-संवेदनशीलतेचे अनुमान : पद्धती, मर्यादा आणि आदिलाबाद जिल्ह्याचा संदर्भ

प्रस्तावना

आदिलाबाद जिल्ह्याचा हिवाळा तेलंगणात प्रसिद्ध आहे. डिसेंबर-जानेवारीत राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातम्यांत या जिल्ह्याचे आणि शेजारच्या कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्याचे नाव वारंवार येते. याच प्रदेशात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या बराच वर जातो. अशा ठिकाणी जागतिक तापमानवाढीचा पाठ शिकविला जात असताना विद्यार्थ्यांच्या मनात दोन शंका येणे स्वाभाविक आहे. पहिली शंका अशी की, इतकी थंडी पडत असताना तापमान वाढत आहे असे कसे म्हणावे? दुसरी शंका अशी की, पहाट आणि दुपार यांच्या तापमानातच जेथे पंधरा अंशांचा फरक पडतो, तेथे दोन-तीन अंशांच्या वाढीने काय बिघडणार?

या शंकांच्या मुळाशी हवामानशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न आहे. वातावरणातील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वीचे सरासरी तापमान किती अंशांनी वाढेल? या प्रश्नाच्या उत्तरास 'हवामान-संवेदनशीलता' असे म्हणतात. १९७९ पासून अनेक वर्षे हे उत्तर '१.५ ते ४.५ अंश' असेच सांगितले जात होते. त्यामुळे शास्त्रज्ञांना नेमके काही ठाऊक नाही, असाही समज पसरला. प्रत्यक्षात २०२० नंतर ही मर्यादा बरीच अरुंद झाली आहे. ती कशी झाली, तिच्यात कोणती अनिश्चितता शिल्लक आहे आणि आदिलाबादसारख्या जिल्ह्यातील अध्यापकाने ती वर्गात कशी मांडावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पनेचे स्पष्टीकरण

औद्योगिक क्रांतीपूर्वी वातावरणातील हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे नियमित मोजमाप सुरू झाले तेव्हा हे प्रमाण ३१५ च्या आसपास होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या पुढे गेले. २८० चे ५६० होणे म्हणजे 'दुप्पट' होणे.

दुप्पट हेच माप निवडण्यास कारण आहे. या वायूचा उष्णता अडविण्याचा परिणाम त्याच्या प्रमाणाच्या लॉगॅरिदमनुसार वाढतो. म्हणून २८० वरून ५६० वर जाताना जेवढा परिणाम होतो, जवळपास तेवढाच ५६० वरून ११२० वर जाताना होतो. या हिशेबाने ४२० हा आकडा गाठल्यावर पहिल्या दुपटीच्या परिणामाचा निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५९ टक्के भाग कार्बन डायऑक्साइडपुरता घडून गेलेला आहे.

संवेदनशीलतेची दोन मापे वापरात आहेत. 'समतोल संवेदनशीलता' म्हणजे वायू दुप्पट झाल्यावर महासागरांना तापण्यास पुरेसा वेळ देऊन, कित्येक शतकांनंतर तापमान जेथे स्थिरावेल ती वाढ होय. 'तात्कालिक प्रतिसाद' म्हणजे वायू दरवर्षी एक टक्क्याने वाढत गेल्यास सुमारे ७० वर्षांनी दुप्पट होण्याच्या क्षणी दिसणारी वाढ होय. चुलीवरील मोठे भांडे तापण्यास जसा वेळ लागतो, तसा समुद्रालाही लागतो. त्यामुळे दुसरे माप पहिल्यापेक्षा नेहमी लहान असते. या लेखात 'संवेदनशीलता' हा शब्द पहिल्या अर्थाने वापरला आहे.

ऐतिहासिक आढावा

अमेरिकेतील युनिस फूट यांनी १८५६ मध्ये, तर आयर्लंडमध्ये जन्मलेले जॉन टिंडल यांनी १८५९ पासूनच्या प्रयोगांत, कार्बन डायऑक्साइड व बाष्प यांच्या उष्णताविषयक गुणधर्मांकडे लक्ष वेधले. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते आऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये पहिला आकडेशीर हिशेब मांडला. चंद्रावरून येणाऱ्या अवरक्त किरणांची लँग्ली यांनी केलेली मोजमापे त्यांनी आधाराला घेतली. दुपटीस पाच ते सहा अंश, असे त्यांचे उत्तर होते. पुढे १९३८ मध्ये इंग्लंडमधील अभियंता गाय कॅलेंडर यांनी सुमारे दोन अंश हा आकडा दिला. स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये संगणकाच्या साहाय्याने सव्वादोन अंशांहून थोडी अधिक वाढ काढली. याच परंपरेतील कार्यासाठी मनाबे यांना २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

१९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने ज्यूल चार्नी यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्याच्यासमोर दोन प्रतिमाने होती. मनाबे यांचे प्रतिमान सुमारे दोन अंश दाखवीत होते, तर जेम्स हॅन्सन यांचे सुमारे चार. अभ्यासगटाने दोन्ही बाजूंना अर्ध्या अंशाची सवलत ठेवून 'तीन अंश, दीडने कमी किंवा अधिक' असा निष्कर्ष दिला. आंतरसरकारी हवामान बदल समितीच्या (आयपीसीसी) २०१३ च्या अहवालातही १.५ ते ४.५ हीच मर्यादा होती. २०२१ च्या सहाव्या अहवालात मात्र ती २.५ ते ४ अंश झाली आणि सर्वाधिक संभाव्य मूल्य ३ अंश ठरले.

हा बदल एखाद्या नव्या यंत्रामुळे घडलेला नाही. पृथ्वीवर प्रयोगशाळेतील प्रयोग करता येत नाही, म्हणून उत्तर अप्रत्यक्ष रीतीनेच काढावे लागते. विज्ञानाला ही रीत नवी नाही. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात अल-बिरूनी यांनी पंजाबातील नंदना किल्ल्याजवळ डोंगराची उंची आणि शिखरावरून दिसणाऱ्या क्षितिजाचा उतरता कोन मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली होती. पृथ्वीला दोरी न लावता तिचे माप घेता आले, कारण ज्या गोष्टी मोजता येत होत्या त्यांचा न मोजता येणाऱ्या गोष्टीशी असलेला संबंध ठाऊक होता. हवामान-संवेदनशीलतेसाठी असे तीन स्वतंत्र मार्ग आहेत.

पहिला मार्ग : एकेका प्रक्रियेचा हिशेब

पृथ्वीला सूर्यापासून जेवढी ऊर्जा मिळते तेवढीच तिने अवकाशात परत पाठविली तर तापमान स्थिर राहते. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर परत जाणाऱ्या ऊर्जेत दर चौरस मीटरला सुमारे ३.९ वॉटची अडवणूक होते. यास 'उष्णतेचा वाढीव भार' म्हणता येईल. या वायूचे किरण शोषण्याचे गुणधर्म प्रयोगशाळेत बारकाईने मोजलेले असल्याने या आकड्याबाबत फारसा वाद नाही.

पृष्ठभाग तापला की तो अधिक ऊर्जा बाहेर टाकतो. दर अंशामागे ही वाढ सुमारे ३.२ वॉट असते. बाकी काहीच बदलले नाही असे मानले तर ३.९ भागिले ३.२, म्हणजे सुमारे १.२ अंश वाढ पुरेशी ठरते.

परंतु बाकीच्या गोष्टी बदलतात, आणि त्यांचा परिणाम पुन्हा तापमानावर होतो. यास प्रत्याभरण म्हणतात. अध्यापनशास्त्रातील प्रत्याभरणाप्रमाणेच येथेही परिणाम उलट फिरून कारणाकडे येतो. मुख्य प्रत्याभरणे तीन आहेत.

पहिले बाष्पाचे. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, आणि बाष्प स्वतःच उष्णता अडविते. याचा पडताळा निसर्गानेच दिला. जून १९९१ मध्ये फिलिपाईन्समधील पिनातुबो ज्वालामुखीने सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वातावरणाच्या वरच्या थरात फेकला आणि पुढील वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने घटले. थंड झालेल्या हवेतील बाष्प नेमके अपेक्षेप्रमाणे कमी झाले. प्रतिमानातून बाष्पाचा परिणाम वगळून पाहिला, तेव्हा प्रत्यक्षात नोंदवली गेली तेवढी थंडी त्यातून निघेना.

दुसरे बर्फाचे. बर्फ वितळला की खालची गडद जमीन किंवा पाणी उघडे पडते आणि सूर्यप्रकाश परतण्याऐवजी शोषला जातो.

तिसरे ढगांचे, आणि हेच सर्वांत अवघड. खालच्या पातळीवरील दाट ढग ऊन परतवून गारवा देतात, तर उंचावरील विरळ ढग खालची उष्णता अडवून ऊब देतात. तापमान वाढल्यावर कोणते ढग किती बदलतील, यावर बराच काळ एकमत नव्हते. २००० सालापासून उपग्रहांवरील उपकरणांनी येणाऱ्या व जाणाऱ्या ऊर्जेची अखंड नोंद ठेवली. समुद्र तापला की उपोष्ण कटिबंधातील समुद्रांवरील खालचे ढग कमी होतात, हे त्यातून स्पष्ट होत गेले. म्हणजे ढगांचा एकंदर परिणाम तापमानवाढीस हातभार लावणारा आहे. तथापि त्याच्या आकड्यात अजूनही बरीच अनिश्चितता आहे.

२०२१ च्या अहवालातील मध्यम मूल्ये घेऊन हा हिशेब फळ्यावर सहज मांडता येतो.

केवळ पृष्ठभागाचे उत्सर्जन : ३.९ ÷ ३.२ = १.२ अंश.
बाष्पाचा परिणाम १.३ वजा केल्यावर : ३.९ ÷ १.९ = २.१ अंश.
बर्फाचा परिणाम ०.३५ वजा केल्यावर : ३.९ ÷ १.५५ = २.५ अंश.
ढगांचा परिणाम ०.४ वजा केल्यावर : ३.९ ÷ १.१५ = ३.४ अंश.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भाजक जसजसा लहान होतो, तसतसा त्यातील छोटा बदलही उत्तरात मोठी उडी घडवितो. ढगांचा परिणाम ०.४ ऐवजी ०.७ धरला तर उत्तर सुमारे ४.६ अंश येते आणि शून्य धरला तर २.५ अंशांवर थांबते. संवेदनशीलतेची वरची मर्यादा निश्चित करणे खालच्या मर्यादेपेक्षा अवघड का ठरले, याचे उत्तर या साध्या भागाकारात आहे.

दुसरा मार्ग : मोजमापाच्या काळातील नोंदी

दुसऱ्या मार्गात औद्योगिक काळात प्रत्यक्ष घडलेल्या वाढीवरून उलट हिशेब केला जातो. त्यासाठी तीन आकडे लागतात. तापमान किती वाढले, उष्णतेचा भार किती वाढला आणि त्यातील किती उष्णता अजून मुरत आहे.

पहिला आकडा जगभरच्या वेधशाळा आणि जहाजांच्या नोंदींतून मिळतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ ची आहे आणि आदिलाबाद येथेही या विभागाची वेधशाळा आहे. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २००६ ते २०१९ या काळातील जागतिक वाढ सुमारे एक अंश होती.

मुरणाऱ्या उष्णतेचा आकडा मुख्यतः समुद्रातून येतो, कारण अतिरिक्त उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्रात जाते. २००० च्या सुमारास सुरू झालेल्या आर्गो योजनेतील हजारो तरंगती उपकरणे दोन हजार मीटर खोलीपर्यंतचे तापमान व क्षारता मोजून उपग्रहांकडे पाठवितात. हिंदी महासागराच्या आर्गो नोंदींचे प्रादेशिक केंद्र हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात आहे. समुद्रकिनारा नसलेल्या तेलंगणात हे काम चालते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्याजोगी आहे. हा आकडा सुमारे ०.६ वॉट येतो.

वाढलेला भार २.२ वॉट धरला तर २.२ वजा ०.६ म्हणजे १.६, आणि ३.९ भागिले १.६ म्हणजे सुमारे २.४ अंश संवेदनशीलता मिळते. मात्र २.२ हा आकडाच पक्का नाही. तो दीडपासून २.९ पर्यंत कोठेही असू शकतो. दीड धरल्यास उत्तर ४.३ अंश येते, २.९ धरल्यास १.७ अंश. एवढ्या फरकाचे कारण शोधण्यासाठी आदिलाबादकरांना फार दूर जावे लागत नाही.

एक धुराडे, दोन परिणाम

११ ऑक्टोबर २०१६ रोजी आदिलाबाद जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. त्यापूर्वीच्या अखंड जिल्ह्यात बेल्लमपल्ली-मंचेरियाल हा सिंगरेणी कंपनीचा कोळसापट्टा होता. पैनगंगा-वर्धेपलीकडे चंद्रपूर आणि वणीचा कोळसापट्टा आहे. हा कोळसा जळतो तेव्हा धुराड्यातून दोन प्रकारचे पदार्थ निघतात. एक कार्बन डायऑक्साइड, जो उष्णता अडवितो आणि ज्याचा मोठा हिस्सा शतकानुशतके वातावरणात राहतो. दुसरा गंधकयुक्त वायू, ज्यापासून हवेत सूक्ष्म कण तयार होतात. हे कण सूर्यप्रकाश परतवितात, ढगांना अधिक पांढरे करतात आणि काही दिवसांतच पावसाबरोबर खाली येतात. म्हणजे एकाच धुराड्यातून तापविणारा आणि निवविणारा असे दोन्ही परिणाम बाहेर पडतात. काजळीसारखे काही कण उलट उष्णता शोषतात, त्यामुळे हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो.

१९९९ मध्ये व्ही. रामनाथन आणि पॉल क्रुट्झन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या 'इंडोएक्स' या आंतरराष्ट्रीय मोहिमेत भारतीय उपखंडावरून समुद्रावर पसरणाऱ्या धुरकट थराचा अभ्यास झाला. या थरामुळे समुद्रपृष्ठापर्यंत पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात लक्षणीय घट होते, असे आढळले. संपूर्ण पृथ्वीचा विचार करता मानवनिर्मित कणांचा निवविणारा परिणाम २०२१ च्या अहवालात सरासरी १.१ वॉट धरला आहे. तो ०.४ इतका कमी किंवा १.७ इतका जास्तही असू शकतो. वर आलेली १.७ ते ४.३ अंशांची तफावत मुख्यतः येथून येते.

भारतातील तापमानाच्या नोंदीही याच प्रकाशात वाचाव्या लागतात. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी संपादित केलेल्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. जगातील एकूण भूभागाची वाढ मात्र, १८५० ते १९०० च्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात, सुमारे १.६ अंश होती. दोन्ही आकड्यांचे कालखंड वेगळे आहेत, तरीही भारतातील वाढ कमी आहे हे उघड दिसते. ती मुख्यतः हरितगृह वायूंमुळे झाली असून सूक्ष्म कण आणि जमीनवापरातील बदल यांनी तिचा काही भाग झाकला, असे हा अहवाल नमूद करतो.

यावरून 'आपल्याकडे तापमान फारसे वाढत नाही, म्हणजे संवेदनशीलता कमी असावी' असा निष्कर्ष काढणे चूक आहे. संवेदनशीलता हे संपूर्ण पृथ्वीचे माप आहे. एका जिल्ह्याच्या किंवा देशाच्या नोंदीवरून ते काढता येत नाही. शिवाय हवा स्वच्छ करणे आरोग्यासाठी आवश्यक आहे, आणि हवा स्वच्छ होताच काही दिवसांत कणांची सावली सरते, तर कार्बन डायऑक्साइड मागे राहतो. म्हणून धूर कमी करण्याबरोबरच कार्बन डायऑक्साइडही कमी करावा लागतो. केवळ पहिले काम केले तर आजवर झाकलेली उष्णता उघडी पडते.

या मार्गाची आणखी एक मर्यादा आहे. पॅसिफिकचा पूर्व भाग आणि अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र गेल्या काही दशकांत इतर समुद्रांच्या तुलनेत कमी तापले. थंड समुद्रावर खालचे ढग टिकून राहतात आणि ऊन परतवितात. पुढे हे समुद्रही तापले तर ही सवलत उरणार नाही. त्यामुळे ऐतिहासिक नोंदींवरून निघणारे २.४ अंशांसारखे उत्तर खऱ्या मूल्यापेक्षा कमी असण्याची शक्यता अधिक आहे.

तिसरा मार्ग : प्राचीन हवामानाची साक्ष

पृथ्वीने यापूर्वी थंड व उष्ण असे अनेक कालखंड पाहिले आहेत. त्यांचा पुरावा आदिलाबादच्या परिसरातही आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी पैनगंगा पुढे चंद्रपूरकडे जाते. तेथे इरई गावाजवळ नदीपात्रातील चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फेडन यांनी १८७० च्या दशकात त्यांची नोंद केली. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी सरकणाऱ्या बर्फाने त्यात अडकलेले दगड खडकावर घासत नेल्याच्या या खुणा आहेत. आज जेथे मे महिन्यात जमीन भाजून निघते तेथे एके काळी हिमनद्या होत्या. सिंगरेणी व वर्धा खोऱ्यातील कोळसा त्यानंतरच्या काळातील वनस्पतींपासून बनला.

हा पुरावा उद्बोधक असला तरी संवेदनशीलतेचा आकडा त्यावरून थेट काढता येत नाही. त्या वेळी भारतीय भूभाग गोंडवन महाखंडाचा भाग म्हणून दक्षिण ध्रुवाकडे होता. खंडांची जागाच वेगळी असल्याने किती थंडी वायूमुळे आणि किती स्थानामुळे, हे वेगळे करणे कठीण जाते. म्हणून शास्त्रज्ञ अलीकडचे कालखंड निवडतात.

त्यांतील पहिला म्हणजे सुमारे २१ हजार वर्षांपूर्वीचा शेवटच्या हिमयुगाचा कडाका. अंटार्क्टिकाच्या बर्फात त्या काळची हवा बुडबुड्यांच्या रूपात बंदिस्त आहे. तेथील खोदकामातून मिळालेली सलग नोंद आठ लाख वर्षे मागे जाते. हिमयुगात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण १९० च्या आसपास होते. समुद्रतळातील सूक्ष्म जीवांच्या कवचांवरून आणि इतर खुणांवरून त्या काळचे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत ५ ते ७ अंशांनी कमी असल्याचे दिसते. बर्फाच्या थरांनी परतविलेला प्रकाश, धूळ आणि वायू यांचा वेगवेगळा हिशेब केल्यावर संवेदनशीलतेचे मूल्य मिळते. दुसरा कालखंड सुमारे तीस लाख वर्षांपूर्वीच्या प्लायोसीन युगातील. त्या वेळी कार्बन डायऑक्साइड ४०० च्या आसपास होता आणि तापमान औद्योगिक काळापूर्वीपेक्षा २.५ ते ४ अंशांनी जास्त होते. संवेदनशीलता दीड अंशाइतकी कमी असती तर एवढे मोठे चढउतार समजावून सांगणे अवघड झाले असते. ती पाच-सहा अंश असती तर हिमयुगात याहून कितीतरी अधिक थंडी पडायला हवी होती.

विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या शंकेचे उत्तरही येथेच मिळते. पहाट व दुपार यांच्यातील पंधरा अंशांचा फरक एका गावापुरता आणि काही तासांपुरता असतो. संपूर्ण पृथ्वीची वार्षिक सरासरी मात्र सहज हलत नाही. ती केवळ ५ ते ७ अंशांनी उतरली तेव्हा कॅनडा आणि उत्तर युरोपचा बराच भाग किलोमीटरभर जाडीच्या बर्फाखाली होता. तीन अंश हा आकडा या मापाने पाहिला पाहिजे.

संगणकीय प्रतिमानांचे स्थान

संवेदनशीलता केवळ संगणकातून येते, असा एक समज आहे. प्रतिमाने उपयुक्त आहेत, पण वरील तीनही मार्ग मुख्यतः मोजमापांवर उभे आहेत. सहाव्या अहवालासाठी जगभरच्या प्रतिमानांची जी तुलना झाली, तीत पुण्याच्या संस्थेने विकसित केलेले प्रतिमान भारतातर्फे प्रथमच सहभागी झाले. या तुलनेत निरनिराळ्या प्रतिमानांची संवेदनशीलता १.८ पासून ५.६ अंशांपर्यंत पसरलेली होती. पाच अंशांहून अधिक दाखविणारी काही प्रतिमाने गेल्या दशकांतील वाढही वाजवीपेक्षा जास्त दाखवीत होती. म्हणून समितीने त्यांची नुसती सरासरी घेतली नाही. मोजमापांशी जुळणे ही कसोटी मानली.

तीन मार्गांचा मेळ

२०२० मध्ये स्टीव्हन शेरवूड आणि इतर शास्त्रज्ञ, असे एकूण २५ जणांनी, तीनही मार्गांचा पुरावा संभाव्यतेच्या नियमांनी एकत्र केला. त्यांना २.६ ते ३.९ अंश ही मर्यादा मिळाली. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालातील २.५ ते ४ अंशांच्या निष्कर्षात या कामाचा मोठा वाटा आहे.

एकत्र केल्याने अनिश्चितता घटते, कारण तीनही मार्गांच्या उणिवा वेगवेगळ्या आहेत. पहिल्यात ढग अडसर ठरतात, दुसऱ्यात सूक्ष्म कण, तिसऱ्यात प्राचीन तापमानाची मापे. एका साक्षीदाराची चूक दुसऱ्याच्या चुकीवर अवलंबून नसेल आणि तरीही तिघांच्या साक्षी जुळत असतील, तर त्या साक्षीचे वजन वाढते. दोन अंशांहून कमी संवेदनशीलता खरी असण्यासाठी तीनही साक्षी एकाच दिशेने चुकाव्या लागतील, आणि ते फार असंभवनीय आहे.

सर्वच शास्त्रज्ञ तीन अंशांवर थांबलेले नाहीत. जेम्स हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ४.८ अंश हे मूल्य मांडले. ते सर्वमान्य झालेले नाही, परंतु सूक्ष्म कणांविषयीचा त्यांचा युक्तिवाद गांभीर्याने तपासला जात आहे. जागतिक हवामान संघटनेच्या मते २०२४ मध्ये जागतिक तापमान १८५० ते १९०० च्या तुलनेत सुमारे १.५५ अंशांनी अधिक होते. एका वर्षाच्या आकड्यावरून संवेदनशीलता ठरत नाही, तरी या वाढीत कणांच्या घटीचा वाटा किती, हा संशोधनाचा विषय झाला आहे.

अध्यापनासाठी काही सूचना

१. वर दिलेले चार भागाकार फळ्यावर करून घ्यावेत. ढगांचा आकडा बदलून विद्यार्थ्यांना स्वतः उत्तरे काढू द्यावीत. अनिश्चितता नेमकी कोठून येते, हे त्यांना व्याख्यानापेक्षा या हिशेबातून लवकर कळते.

२. आदिलाबादची थंडी हे तापमानवाढीविरुद्धचे प्रमाण नाही. उलट हरितगृह परिणाम समजाविण्याचे ते उत्तम साधन आहे. हिवाळ्यात येथील हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असते. उष्णता अडविणारे बाष्प व ढग कमी असल्याने जमिनीची ऊब रात्रीतून निघून जाते. ढगाळ रात्री तेवढी थंडी पडत नाही, हे बेला-जैनथकडील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. महाविद्यालयात किमान तापमापक असल्यास हिवाळाभर रोजचे किमान तापमान आणि रात्रीच्या आकाशाची स्थिती यांची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी.

३. 'अनिश्चितता' आणि 'अज्ञान' यांतील भेद स्पष्ट करावा. २.५ ते ४ अंश म्हणजे शून्य ते काहीही नव्हे. पाऊस जूनच्या कोणत्या दिवशी येईल हे सांगता येत नाही म्हणून कापसाची पेरणी जानेवारीत कोणी करीत नाही.

४. संवेदनशीलता हे निसर्गाचे माप आहे, तर कार्बन डायऑक्साइड प्रत्यक्षात किती वाढेल हा मानवी निर्णयाचा भाग आहे. भविष्यातील तापमान या दोहोंवर अवलंबून आहे, आणि त्यांपैकी दुसरी गोष्टच माणसाच्या हाती आहे.

समारोप

हवामान-संवेदनशीलतेचा आकडा १८९६ पासून शोधला जात आहे. प्रक्रियांचा हिशेब, मोजमापाच्या काळातील नोंदी आणि प्राचीन हवामानाची साक्ष या तीन मार्गांनी तो आज तीन अंशांच्या आसपास येऊन ठेपला आहे. ढग आणि सूक्ष्म कण यांविषयीची अनिश्चितता शिल्लक आहे. ती दोन्ही दिशांना सारखी नाही. अनुमान चुकल्यास ते कमी ठरण्याऐवजी अधिक ठरण्याची जोखीम मोठी आहे. संवेदनशीलता अडीच अंश निघाली तरी उत्सर्जन चालू असेपर्यंत तापमान वाढतच राहील, फक्त तोच टप्पा काही वर्षे उशिरा गाठला जाईल. ती चार अंश निघाली तर हाताशी असलेला वेळ त्याहून कमी आहे. आदिलाबादमध्ये कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणाऱ्या आणि मे महिन्यात उन्हात मजुरी करणाऱ्या कुटुंबांची मुले याच महाविद्यालयांत शिकतात. हा आकडा कोठून येतो हे त्यांना स्वतः हिशेब करून समजले, तर त्याविषयीच्या भीतीवर किंवा थट्टेवर त्यांना विसंबावे लागणार नाही.